पाण्यामागून आलेले सरबत

फळाचा रस, साखर, लिंबू आणि चुरडलेला पुदिना यांचे गार पेय अहिल्यानगर जिल्ह्यातील घरांत आज सहज केले जाते. त्यातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस मात्र या भूमीत पाणी पोचल्यावरच मुबलक झाला. जिल्ह्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीला पाऊस नुसता कोसळतो. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा या तालुक्यांत वर्षाकाठी जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो. ज्वारी-बाजरीच्या या मुलुखात विहिरीवरच्या चार झाडांपलीकडे बाग म्हणजे चैन होती. उन्हातून आलेल्या माणसापुढे गूळ-पाणी ठेवायचे, घरात दुभते असेल तर ताक द्यायचे, ही रीत त्या कोरडेपणातूनच आलेली आहे. फळाचे पेय म्हणून वर्षातून एकदा हमखास होई ते चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे पन्हे. बांधावरच्या गावठी आंब्याची कैरी उकडून किंवा निखाऱ्यावर भाजून, गर गुळात कालवून, वर वेलदोड्याची पूड घालून ते केले जाई. त्यात पुदिना नसे.

पाणी आणून बाग फुलवण्याचा पहिला मोठा उद्योग निजामशाहीने केला. तिचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये बहमनी फौजेवर विजय मिळवला आणि त्या रणभूमीजवळच १४९४ च्या सुमारास अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवले. शहराला मोठी नदी नव्हती. सीना नदीवर भागणे शक्य नव्हते. म्हणून कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा ठिकाणांहून जमिनीखालून खापरी नळ घालून पाणी शहरात आणले गेले. भाजक्या मातीचे हे नळ चुन्याच्या बांधकामात बसवलेले असत आणि ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी व गाळ काढण्यासाठी उच्छ्वास ठेवलेले असत. याच पाण्यावर हश्त बिहिश्त बाग उभा राहिला, ज्याला नगरकर बेहस्तबाग म्हणतात. तळ्याच्या मध्यात महाल असलेला फराहबाग १५८३ मध्ये पुरा झाला. दोन्हीकडची तळी आज कोरडी आहेत, पण त्यांचा घेर पाहिला तरी उन्हाळ्यात गारवा मिळवण्यासाठी त्या राज्याने किती खटाटोप केला हे कळते.

या दरबारावर इराणी संस्काराची दाट छाप होती. इराणी विद्वान शाह ताहिरच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. इराणी विद्वान, कवी, हकीम नगरला येऊ लागले. गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा बुऱ्हाणशी स्नेह होता आणि तो त्याच्यावर उपचारही करी. भारतातील औषधी आणि फळांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. कवी जुहूरीने आपले ‘साकीनामा’ हे दीर्घ काव्य दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला अर्पण केले. इराणी घरांत मध किंवा साखर, शिर्का आणि पुदिना यांचे सिकंजबीन पूर्वापार चालत आलेले होते, आणि युनानी वैद्यकात पुदिना पचनासाठी सांगितलेला होता. फळ, आंबट, गोड आणि हिरवा सुवास अशी चौकडी एका पेल्यात आणणारी दृष्टी दख्खनच्या शहरांना या परंपरेने दिली. मोहरमच्या दिवसांत तहानलेल्यांसाठी सबील लावून सरबत वाटण्याची प्रथाही त्याच परंपरेतली. नगरचा मोहरम आणि बारा इमाम कोठला आजही प्रसिद्ध आहेत. दरबार गेला, पण जातिधर्माची चौकशी न करता समोर येईल त्याच्या हातात पेला देणारी ही चाल टिकली, हे त्या काळाचे फार मोलाचे देणे आहे.

१६३६ मध्ये निजामशाही संपली. पुढे खापरी नळांची देखभाल ढिली पडत गेली. १८०३ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि नगरला लष्करी छावणी आली. हायरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली, तोंडाशी काचेची गोटी असलेली सोड्याची बाटली जगभर पसरली, तशी ती इंग्रजी अमलात महाराष्ट्रातल्या शहरांतही रुळली. गोटी सोड्यात लिंबू पिळून प्यायची सवय तेव्हापासूनची.

खरा पालट विसाव्या शतकात कालव्यांनी केला. १९१० च्या दशकात दारणा धरण आणि नांदूर-मधमेश्वरचा बंधारा यांमुळे गोदावरीचे पाटपाणी कोपरगाव-राहात्याकडे आले. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि अकोल्याच्या डोंगरात पडणारा पाऊस राहुरी, श्रीरामपूरच्या शेतांत पोचला. पाटाच्या दोन्ही अंगांना ऊस उभा राहिला आणि त्याबरोबर मोसंबीच्या बागा. श्रीरामपूरच्या मोसंबीचे नाव दूरवर झाले. बेलापूर कंपनीचा हरेगावचा साखर कारखाना १९२० च्या दशकात सुरू झाला, तर टिळकनगरचा उद्योग १९३३ चा. १९५० मध्ये लोणीजवळ शेतकरी नेते विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. उसाच्या मळीपासून याच पट्ट्यात मद्यार्कही निघू लागला. टिळकनगरची ब्रँडी तर देशभर गेली. घरातले फळांचे पेय मात्र बिनमद्याचे राहिले. त्यात बदलली ती गोडी: गुळाची जागा हळूहळू साखरेने घेतली, कारण साखर पाण्यात स्वच्छ विरघळते आणि फळाचा रंग व वास झाकत नाही.

ऊस अधिक खात्रीचा ठरला आणि बागांचे क्षेत्र त्यापुढे मागे सरले. कालवा न पोचलेल्या गावांत फळ गेले ते वेगळ्या वाटेने. राहुरीला १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तिथून ‘साई सरबती’ हे रसाळ कागदी लिंबू आले, तसेच ‘मृदुला’, ‘आरक्ता’ आणि ‘भगवा’ ही लाल दाण्यांची डाळिंबे. राज्य सरकारने १९९० मध्ये रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली. खड्डे खणण्याची मजुरी मिळू लागल्याने कोरडवाहू शेतकऱ्यालाही झाडे लावणे जमले. ठिबक सिंचनाने थोडक्या पाण्यात ती जगवता आली. श्रीगोंदा, कर्जतचे लिंबू, संगमनेर, राहात्याचे डाळिंब आणि राहात्याचा पेरू ही ओळख यातून घट्ट झाली.

पुदिन्याला स्वतंत्र शेत लागत नाही. परसात मोरीच्या पाण्यावर किंवा जुन्या डब्यात धावत्या खोडाचा तुकडा खोचला की तो पसरतो. त्यातले मेन्थॉल जिभेवरच्या गारवा ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवते, म्हणून पाणी तेवढेच असूनही पेय अधिक थंड भासते. बर्फ दुर्मीळ असलेल्या गावांत या गुणाची किंमत मोठी होती. पाने मिक्सरमध्ये बारीक वाटली तर कडवट, गवतासारखी चव उतरते. साखर आणि चिमूटभर पादेलोण घालून खलबत्त्यात हलकेच ठेचली की सुवास सुटतो आणि हिरवा गाळ होत नाही. एका माणसाला आठ-दहा पाने पुरतात. त्यावर अर्धे लिंबू, डाळिंबाचा किंवा मोसंबीचा ताजा रस आणि माठातले पाणी घालायचे. डाळिंबाचे दाणे दाबून रस काढावा. बिया भरडल्या तर तुरट होतो. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडू लागतो, कारण त्यात लिमोनिन तयार होते. म्हणून तो आयत्या वेळीच काढणे बरे. भिजवलेला सब्जा शेवटी घालतात.

रस्त्याकडेच्या रसवंत्यांनी हीच चव उसाच्या रसाला दिली. लाकडी चरक बैलाने फिरे, पुढे इंजिन आणि वीज आली. उसाच्या कांड्यांबरोबर लिंबू, आले आणि पुदिन्याची जुडी घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते.

घरात कोणते सरबत कधी होते हे अजूनही बहरावर, म्हणजे झाड कोणत्या हंगामात फुलवले त्यावर, ठरते. मोसंबीचा आंबे बहर दिवाळीच्या आसपास उतरतो, तर मृग बहर उन्हाळ्याच्या तोंडाशी. लिंबाला सर्वाधिक मागणी एप्रिल-मेमध्ये असते आणि त्या वेळी फळ हवे तर हस्त बहर धरावा लागतो. त्यासाठी फुले येण्यापूर्वी झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो, पण ते दिवस पावसाचे असतात. भारी काळ्या रानात ताण बसत नाही आणि बहर चुकतो. श्रीगोंदा, कर्जतच्या हलक्या, निचऱ्याच्या मुरमाड जमिनीत तो तुलनेने सहज बसतो.