धाबे, गच्ची आणि स्लॅब

श्रोते हो, अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीकडे निघालात, की वाटेतल्या पाड्यांवरची घरे जरा थांबून पाहा. डोंगराच्या उतारावर एकेक घर सुटे सुटे बसलेले असते. लाकडाचे खांब, शेणामातीने सारवलेल्या बांबूच्या कुडाच्या भिंती, आणि वर दोन्ही अंगांनी खाली उतरत आलेले कौलांचे छप्पर. पाऊस आला, की पाणी कौलांवर क्षणभरही रेंगाळत नाही. पागोळ्यांनी अंगणात उतरते आणि ओढ्याची वाट धरते.

पण मोलगीच्या बाजारपेठेत शिरलात, की काही छपरे एकदम सपाट होतात. ती स्लॅबची असतात. या सपाट छतावर पाणी आपण होऊन पळत नाही. त्याला वाट करून द्यावी लागते, आणि ती वाट दरवर्षी मोकळी राखावी लागते.

मंडळी, हे सपाट छत डोंगरातले नव्हे. ते आले कुठून, समुद्रकाठी कसे गेले, आणि तिथून इथवर कसे पोचले, याची कहाणी आज सांगायची आहे. कहाणी छपराची असली, तरी तिच्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत.

आपल्या महाराष्ट्रात पूर्वी छपराचा आकार पावसाने ठरवला. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो, मुंबईला दोन हजारांच्या वर. म्हणून कोकणात उतरते छप्पर. आधी गवताचे नि झावळ्यांचे, मग नळीच्या कौलांचे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी, खाचेची मंगलोरी कौले समुद्रमार्गे किनारभर पसरली. सातपुड्यातही उतार हवाच. पण खाली तापीकाठी, किंवा मराठवाड्यात, वर्षाचा पाऊस सहाशे ते आठशे मिलिमीटर. तिथे लोकांनी छत सपाट केले. खानदेशात त्याला धाबे म्हणतात, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवद.

धाबे म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे, बरं का! खाली तुळया, त्यांच्यावर आडव्या किलचा, त्यांच्यावर काड्या किंवा पऱ्हाट्या, आणि सगळ्यांच्या वर चोपून बसवलेली पांढरी माती. काळी माती का नाही? तर काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेतून पाणी आत येते. पांढरी माती बारीक असते, तिच्यात राखेचा आणि चुन्याचा अंश असतो, ती चोपली की घट्ट बसते. ही माती मिळायची गावाच्या जुन्या पांढरीतून, म्हणजे वाडवडिलांची घरे पडून झालेल्या टेकाडातून. आजोबांच्या भिंतीची माती नातवाच्या धाब्यावर! तापीकाठच्या प्रकाशे गावी १९५५ साली पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी असेच एक टेकाड खणले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांमागची वस्ती हाती लागली. गावोगावच्या टेकाडांची माती घरांवर गेली म्हणून अभ्यासक हळहळतात, पण त्या मातीने कित्येक पिढ्यांच्या चुली कोरड्या राखल्या हेही खरेच.

या धाब्याचा एक नेम होता. आखाजी झाली, की मृग लागण्याच्या आत वर चढायचे. उगवलेले गवत मुळासकट उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, पन्हळ मोकळी करायची, आणि मग नवी माती टाकून चोपायची. यात एक मेख होती. नवी माती टाकण्याआधी जुनी, भुसभुशीत झालेली माती खरवडून खाली उतरवायला हवी. उतरवण्याचे काम कंटाळवाणे, टाकण्याचे सोपे. गळते ना? टाका आणखी चार टोपल्या! असे करता करता थर चढत जातो. आता हिशेबच करा. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर एक फूट मातीचा थर झाला, तर पाच टनांहून अधिक वजन डोक्यावर येते.

हे वजन काय करते, ते आपण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे दोन पदर एकमेकांना नीट बांधलेले नव्हते. ते फाकले, आणि पिढ्यान्‌पिढ्या भर घालत आलेली माळवदे निजल्या माणसांवर आली. धरणी हलली हे निसर्गाचे. पण छपरावर एवढे ओझे चढले, ते थोडे थोडे करून, दरसाल, आपल्याच हातांनी.

आता समुद्राकडे वळू. मुंबई, वसई, अलिबाग, मालवण ही सारी धुवांधार पावसाची गावे. इथे सपाट छत नको, हे पूर्वीच्या लोकांना ठाऊक होते. तरी शहरात जागा अपुरी पडू लागली, तसे गच्चीचे मोल वाढले. सागवानी तुळयांवर चुन्यात विटा बसवायच्या, त्यांच्यावर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा कोबा घालायचा, आणि लाकडी थाप्यांनी तो दिवसच्या दिवस चोपायचा, अशी ती जुनी गच्ची. चुन्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालीत. कोबा सावकाश घट्ट होई आणि पाणी बाहेर ठेवी.

मग आले सिमेंट. इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. फ्रान्सात जोसेफ मोनिए नावाच्या बागवानाने झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून सिमेंटात लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्याचे पेटंट मिळवले. आपल्या डोक्यावरच्या स्लॅबचे मूळ त्या कुंडीत आहे! १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यात सिमेंट निघू लागले, आणि १९३० नंतर मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर, ऐन समुद्रासमोर, सपाट गच्च्यांच्या इमारतींची ओळ उभी राहिली. २०१८ साली युनेस्कोने त्यांतल्या कित्येक इमारतींना मुंबईच्या जागतिक वारशात स्थान दिले. मुंबईने केले ते किनाऱ्यावरच्या इतर गावांनी उचलले. दुकाने, वखारी, लॉज, बँका, सगळ्यांवर स्लॅब आला. कोरड्या मुलखातले सपाट छत सिमेंटच्या भरवशावर भर पावसात जाऊन बसले.

पण समुद्राचा वारा खारा. चांगल्या काँक्रीटमध्ये सिमेंट अल्कधर्मी असते, त्यामुळे आतल्या सळ्या गंजत नाहीत. भेगेतून पाणी आणि मीठ आत गेले, की हे कवच तुटते. वाळू खाडीची, न धुतलेली असली, तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच असते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो. जागा नाही मिळाली, की तो काँक्रीट फोडतो. गिऱ्हाइकाच्या पुढ्यात पोपडा पडतो तेव्हा दुकानदार वर पाहतो. पण दुखणे त्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेले असते.

अशा वेळी दुकानदार काय करतो? धाब्यावर शेतकरी करीत होता तेच! एक वर्षी डांबर फासतो, पुढल्या वर्षी जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतो. दहा फूट बाय वीस फुटांच्या दुकानावर चार इंच कोबा म्हणजे सुमारे साडेतीन टन वजन. खाली सळ्या गंजून बारीक होत आहेत आणि वर ओझे वाढते आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, छताची दुरुस्ती झाली.

मुंबईत जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा सरकारला १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला. शहरातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि त्यातून दुरुस्ती होऊ लागली. १९७७ पासून हे काम म्हाडाकडे आहे. मालक म्हणे भाडे पुरत नाही, भाडेकरू म्हणे घर माझे नाही. गच्ची दोघांचीही नाही, म्हणून तिच्यावर कोणी चढेना. धाब्यावर चढणारा घरधनी होता. गच्चीला धनीच उरला नाही, ही त्या काळाची खरी गोष्ट.

मग खरी दुरुस्ती कोणती? जुना कोबा काढून स्लॅब उघडा करायचा. पोकळ वाजणारे काँक्रीट फोडायचे, सळ्यांचा गंज घासून काढायचा, फार झिजल्या असतील तर जोडीला नव्या घालायच्या. भेगा भरून मगच नवा कोबा, आणि त्याला निदान शंभर फुटांस एक फूट उतार, थेट पन्हळीकडे. कठडा आणि छत मिळतात त्या कोपऱ्याला गोलाई द्यायची, कारण पाणी पहिल्यांदा शिरते ते तिथूनच. शेवटी दोन-तीन दिवस पाणी साठवून खालून ओल येते का ते पाहायचे. सळ्या पार गेल्या असतील, तर टेकू लावून अख्खा स्लॅब उतरवायचा आणि नवा घालायचा. यात पहिले काम उतरवण्याचे आहे, हे ध्यानात घ्या.

आणि आता परत मोलगीला येऊ. इथे समुद्र नाही, खारा वारा नाही. पण डोंगरातला पाऊस आहे, आणि सपाट स्लॅब आहेत. कौलारू घर शाकारायचे झाले, तर माणूस ते जाणतो. वासा कुठला, रीप कुठली, फुटके कौल कुठले. शेजारी मदतीला येतात. नर्मदाकाठच्या आदिवासी गावांत एकमेकांच्या कामाला जाण्याची ‘लाह’ची रीत आहे, आणि घर उभे करण्यासारखी कामे अशीच निभतात. स्लॅब मात्र ठेकेदार घालून जातो. त्याची शाकारणी कोणी, कधी करायची, हे सांगायला तो थांबत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेच्या छताचे तसेच आहे. हजार चौरस फुटांच्या छतावर पानांनी पन्हळ तुंबून एक इंच पाणी साठले, तर सव्वादोन टनांहून अधिक वजन मुलांच्या डोक्यावर उभे राहते. पन्हळीतली पाने काढायला पैसा लागत नाही. मे महिन्यात एखादा जाणता माणूस वर चढवावा. मुलांना मात्र चढवू नये. पोपडे पडून गंजकी सळई दिसू लागली असेल, तर त्या खोलीत वर्ग भरवू नका, आणि मृगाआधी ग्रामपंचायतीला लेखी कळवा. कोणी म्हणाले, वरून एक थर मारून देतो, तर विचारा, आधी जुना थर उतरवणार का?

धाब्याच्या काळी माणूस वर्षातून एकदा आपल्या छपरावर उभा राहत असे. तिथून त्याला पन्हळ दिसे, भेग दिसे, उगवलेले गवत दिसे. माती गेली, चुना गेला, सिमेंट आले. वर्षातून एकदा वर चढण्याचे ते काम मात्र अजून तसेच बाकी आहे. ते यंदा मृगाच्या आत उरकून घ्या.