शबकिया : डोळ्यातल्या जाळ्याची गोष्ट

उर्दूत डोळ्याच्या मागच्या पडद्याला 'शबकिया' म्हणतात. शब्द अरबी आहे. 'शबका' म्हणजे जाळे. मराठीत पुस्तकी शब्द दृष्टिपटल, दवाखान्यात नुसता 'पडदा', आणि 'रेटिना' तर आता सगळ्यांच्या तोंडी आहे. या रेटिनाच्या पोटातही जाळेच दडलेले आहे, कारण लॅटिनमध्ये 'रेते' म्हणजे जाळे. दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्दांची अशी नाती शोधण्याची खोड असतेच. पण काही वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यातला पडदा सरकला आणि ही खोड फार गंभीर झाली. ज्या जाळ्याच्या जिवावर मी वाचतो, शिकवतो, कमावतो, ते जाळे माणसाला कधी कळले आणि ते जागेवर बसवण्याची विद्या कुठून आली, हे मला जाणून घ्यायचे होते.

आधी शब्दाचा प्रवास पाहू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन ग्रीकमध्ये लिहीत होता. कोळी पाण्यात फेकतात त्या जाळ्यासारखे आवरण, अशा अर्थाचा ग्रीक शब्द त्याच्या ग्रंथात या पडद्यासाठी येतो. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक याने गॅलेनचे ग्रंथ सुरयानी आणि अरबी भाषेत आणले. डोळ्यावर त्याने स्वतःही दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. हुनैन धर्माने ख्रिस्ती होता, काम अब्बासी खलिफांच्या काळात आणि त्यांच्या आश्रयाने करत होता. ग्रीकमधले जाळे अरबीत 'शबका' झाले. पुढे इब्न सीनाच्या 'कानून'चे बाराव्या शतकात टोलेडोमध्ये क्रेमोनाच्या गेरार्डने लॅटिन भाषांतर केले आणि अशा भाषांतरांतून जाळे लॅटिनमध्ये गेले. आज आपल्या गावातल्या चष्म्याच्या दुकानातला पोरगा 'रेटिना' म्हणतो, त्यामागे ग्रीक, ख्रिस्ती, मुस्लिम आणि पुन्हा ख्रिस्ती, असे अनेक हात आहेत.

या ठिकाणी आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते, 'हे सगळे आपल्या लोकांनी आधीच शोधले होते.' जलशांत आणि व्हॉट्सअॅपवर आपण ते ऐकतो. अभिमान असावा, पण तो नेमका असावा. बसऱ्यात ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसमने 'किताब अल-मनाजिर'मध्ये दाखवले, की डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरचा प्रकाश डोळ्यात येतो. ही गोष्ट लहान नाही. पण दिसण्याचे मुख्य स्थान त्यानेही डोळ्यातल्या भिंगासारख्या भागालाच मानले, पडद्याला नाही. १५८३ मध्ये बाझेलच्या फेलिक्स प्लॅटरने ते स्थान पडद्याला दिले. १६०४ मध्ये केप्लरने सांगितले, की बाहेरच्या जगाची प्रतिमा याच पडद्यावर पडते आणि ती उलटी पडते. केप्लर ज्या परंपरेत बसून हे गणित सोडवत होता, तिच्या मुळाशी इब्न अल-हैसमचाच ग्रंथ होता. आणि टॉलेमीसारख्या थोरांच्या चुका दाखवणारे 'शुकूक' नावाचे पुस्तक इब्न अल-हैसमने स्वतःच लिहिले होते. त्यामुळे त्याच्यापुढे कोणी गेले, हे मान्य करणे ही त्याचीच शिकवण पाळणे आहे.

पडद्याचे काम कळले, तरी पुढची अडीचशे वर्षे जिवंत माणसाचा पडदा कोणी नीट पाहू शकला नव्हता. मोतीबिंदूची गोष्ट वेगळी. तो समोरच पांढरा दिसतो, म्हणून सुश्रुताच्या परंपरेतले वैद्य सळईने तो बाजूला सारत. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास अम्मार अल-मौसिलीने तर पोकळ सुईने तो ओढून काढण्याची पद्धत लिहून ठेवली. पडदा मात्र काळ्या बाहुलीच्या मागे, अंधाऱ्या खोलीत. खोली अंधारी का? कारण आत गेलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत फिरतो. तो पाहायला आपण वाटेत डोके घातले, की प्रकाशच अडतो.

हा पेच सोडवला एका शिक्षकाने. कोनिग्सबर्गला हेल्महोल्ट्झ विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. वर्गात हे कसे समजावून सांगावे याची तयारी करताना त्यांना युक्ती सुचली. तिरप्या काचेवरून प्रकाश रुग्णाच्या डोळ्यात सोडायचा आणि त्याच काचेतून आरपार पाहायचे. १८५१ मध्ये त्यांनी हे उपकरण जगापुढे ठेवले. वर्गाच्या तयारीतून असेही काही निघते, हे वाचून आमच्या शिक्षक खोलीत मी ते दोनदा सांगितले आहे.

आता पडदा सरकतो म्हणजे काय होते ते सांगतो, आणि त्यासाठी माझाच डोळा उदाहरणाला घेतो. मला लहानपणापासून मोठा उणे नंबर आहे. अशा माणसाचा डोळा मागे थोडा लांबट असतो आणि पडदा ताणलेला, कडेला पातळ. डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक गर भरलेला असतो. वयानुसार तो पातळ होतो, आक्रसतो आणि पडद्यापासून सुटतो. बहुतेकांच्या बाबतीत एवढ्यावरच भागते. पण गर कुठे चिकटून राहिला, तर सुटताना पडदा फाटतो. त्या भोकातून पाणी मागे शिरते आणि भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा उचलला जातो. मागच्या थरातून मिळणारे त्याचे पोषण तुटते. यात दुखत मात्र काहीच नाही.

मी नववीच्या उर्दूच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे झाले, मग काजळी उडावी तसे काळे ठिपके. आपल्या लिपीत ठिपका म्हणजे नुक्ता, आणि एका नुक्त्याने अर्थ फिरतो. मुलीने लिहिले होते 'रहमत', मला दिसले 'जहमत'. रे वर नसलेला नुक्ता माझ्या डोळ्याने दिला होता. मी तिचे अर्ध्या गुणाचे नुकसान होऊ दिले नाही, पण उरलेल्या उत्तरपत्रिका सहकाऱ्याकडे दिल्या आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. जाईपर्यंत खालच्या बाजूने एक करडी सावली वर चढू लागली होती.

डॉक्टरांनी कपाळाला दिवा लावून, हातात भिंग धरून बराच वेळ पाहिले. म्हणाले, "सर, पडदा सरकलाय. भोक वरच्या बाजूला आहे. मधला भाग अजून जागेवर आहे, म्हणून उद्याच करू." सावली खालून आणि भोक वर, हे मला घरी आल्यावर उमगले. केप्लरची उलटी प्रतिमा! पडद्याच्या वरच्या भागावर जगाचा खालचा भाग उमटतो. मधला भाग म्हणजे ज्याने आपण अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो तो. तो सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचण्याची आशा मोठी असते. तो सुटल्यावर पडदा बसवता येतो, पण वाचण्याची नजर पूर्वीसारखी होईलच असे नाही.

हेच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी झाले असते तर? जोसेफ पुलित्झरचे उदाहरण पाहा. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्राचा मालक, अमेरिकेतल्या बड्या लोकांपैकी एक. १८८७ मध्ये त्याला समोरचा मजकूर वाचता येईना. पडदा सुटला होता. डॉक्टरांनी काय दिले? अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे विश्रांती. पैसा होता, युरोपातले नामांकित डॉक्टर होते, तरी नजर गेली. उरलेले आयुष्य तो सचिवांकडून वर्तमानपत्र वाचून घेत राहिला. तेव्हाच्या इतर रुग्णांचेही तेच. डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचे नाही. १९१२ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर डेरिक वेल यांनी सहकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारणा केली, तेव्हा चित्र असे निघाले, की हजारात एखादाच बरा होतो.

गंमत अशी, की हेल्महोल्ट्झच्या उपकरणातून भोके डॉक्टरांना दिसत होती. ती मूळ कारण असावीत असे एकदोघांनी सुचवलेही होते. पण बहुतेकांनी भोकाला रोगाचा परिणाम मानले आणि पाणी काढण्याच्या मागे लागले. पाणी काढायचे, ते पुन्हा भरायचे. घागरीला भोक असताना पाण्याचे माप मोजत बसण्याचा हा प्रकार.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ज्यूल गोनँ (१८७०-१९३५) यांनी प्रश्न फिरवला. भोक कुठे आहे? अनेक वर्षे त्यांनी काढून टाकलेले डोळे तपासले, रुग्णांच्या पडद्याची बारकाईने चित्रे काढली. भोक शोधायचे, डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर त्याची नेमकी जागा आखायची, तिथे छेद घेऊन पाणी जाऊ द्यायचे आणि तापवलेल्या टोकाने डाग द्यायचा. डागाचा व्रण धरला, की भोक बुजते. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. गोनँ काम करत राहिले, जो येईल त्याला शिकवत राहिले. १९२९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत इतर देशांतले डॉक्टर उभे राहून सांगू लागले, की आम्ही करून पाहिले, भोक बुजले की पडदा बसतो. हजारात एकावरून यशाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. लोझानचे नेत्र रुग्णालय आज त्यांच्या नावाने आहे.

पुढचे सगळे त्याच प्रश्नाची उत्तरे आहेत. बेल्जियमचे चार्ल्स शेपेन्स दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून, नाव बदलून पिरेनीज पर्वतातल्या एका गावात लाकूड कापण्याची गिरणी चालवत होते. त्या आडून त्यांनी शंभरावर माणसांना सीमेपार स्पेनमध्ये पोहोचवले. त्याच माणसाने डोक्याला बांधायचे, दोन्ही डोळ्यांनी पाहायचे उपकरण घडवले. त्यामुळे पडद्याच्या अगदी कडेची भोके दिसू लागली. माझ्या डॉक्टरांच्या कपाळावर त्याचेच रूप होते. जर्मनीच्या मायर-श्विकेराथ यांनी १९४५ च्या सूर्यग्रहणात पडदा भाजलेला विद्यार्थी पाहिला आणि विचार केला, जो प्रकाश भाजतो तो चिकटवणारही नाही का? त्यांनी सूर्यप्रकाशानेच सुरुवात केली. आजचा लेझर त्या विचाराचा वारस. मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी अंड्याच्या पांढऱ्यावर प्रयोग करत डोळ्यातला गर काढणारे यंत्र बनवले आणि १९७० मध्ये ते रुग्णावर वापरले. शेपेन्स यांच्याकडे बॉस्टनला शिकलेले डॉ. बद्रिनाथ भारतात परतले आणि १९७८ मध्ये त्यांनी चेन्नईत शंकर नेत्रालय उभे केले. पुलित्झरला मिळाले नाही ते आता जिल्ह्याच्या गावातल्या मास्तरालाही मिळते.

माझी शस्त्रक्रिया माखेमरांच्या वाटेची होती. गर काढला, भोकाभोवती लेझर मारला आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. व्रण धरेपर्यंत तो भोक आतून दाबून ठेवतो. वायू वर जातो, म्हणून भोक कुठे आहे त्यावर डोके कसे ठेवायचे ते ठरते. मला पहिले काही दिवस पालथे राहायला सांगितले. अम्मी खाटेजवळ बसून म्हणाली, "इत्ता लंबा सजदा तो मैं किसीका नई देखी." हसलो, पण हलता येत नव्हते. जेवण, वजू, नमाज, सगळे डॉक्टरांना विचारून. बुडबुडा असेपर्यंत विमानप्रवास बंद, कारण हवेचा दाब कमी झाला की वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो.

उठून बसू लागलो तेव्हा नजरेत एक पाण्याची रेघ दिसे, गवंड्याच्या पाणसळीसारखी. बुडबुडा खरे तर डोळ्यात वर, पण मला दिसे खाली. पुन्हा केप्लर. रोज ती रेघ थोडी खाली सरकायची आणि वरचे जग साफ व्हायचे. आधी छत, मग घड्याळ, मग मुलीचा चेहरा. ती मला माझ्याच पुस्तकांतली पाने वाचून दाखवत असे, उर्दूत अडखळत, मराठीत भरभर. शेवटी बुडबुड्याचा मोत्याएवढा गोळा राहिला आणि एका सकाळी तोही नव्हता. वर्षभरात त्या डोळ्यात मोतीबिंदू आला. गर काढल्यानंतर तो अनेकांना येतो, तोही काढला. आज दुरेघी वहीची रेघ त्या डोळ्याला जराशी वाकडी दिसते, पण नुक्ता नुक्त्याच्या जागी दिसतो.

वाचकहो, आपल्या घरांत नजर कमी झाली की 'मोतीबिंदू असेल, पिकू दे' म्हणायची रीत आहे. मेडिकलमधून थेंब आणले जातात. पडदा पिकायची वाट पाहत नाही. अचानक चमका, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेने येणारी सावली, यांतले काहीही दिसले तर दुखत नसले तरी त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. मोठा उणे नंबर असलेल्यांनी, मोतीबिंदू काढलेल्यांनी, डोळ्याला मार लागलेल्यांनी आणि घरात कुणाचा पडदा सरकला असेल त्यांनी तर नक्कीच. गोनँनी जो प्रश्न विचारायला जगाला शिकवले, तो विचारण्यासाठी डॉक्टरांच्या हातात वेळ असावा लागतो, आणि तो वेळ आपणच देऊ शकतो.