बोरघाटाचा करार

कर्जत सोडले की गाडीला मागून जादा इंजिने लागतात आणि ती बोरघाट चढू लागते. मुले बोगदे मोजतात. मूळ मार्गावर ते २५ होते. आज मी बोलणार आहे ते या बोगद्यांमागच्या कागदांविषयी.

मुंबई-ठाणे ही १८५३ची रेल्वे बांधणाऱ्या विल्यम फॅविएल या ठेकेदारालाच जीआयपी कंपनीने घाटाचे कंत्राट दिले. १८५६ साली काम सुरू झाले. कंपनीचा करार ठेकेदाराशी, ठेकेदाराचा पोटठेकेदाराशी, त्याच्याखाली मुकादम. सुरुंग लावणारा गडी, पाट्या वाहणारी बाई यांच्याशी मात्र नुसते तोंडी बोलणे. पैसा वरून झिरपत यायचा. मध्ये कुठे अडला, की खाली चूल थंड.

ठेका, मुकादम, हजेरी, तक्रार हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले असतील-नसतील, पण ‘करार’ नक्कीच आला. उर्दूत त्याचा आणखी एक अर्थ आहे : मनाची स्वस्थता. घाटातल्या मजुराला दोन्ही अर्थांनी करार नव्हता.

माझे एक वकीलमित्र तालुक्याच्या गावी एकट्यानेच वकिली करतात. बांधकामाचे तंटे त्यांच्याकडे फार. ते सांगतात, घरमालक आणि ठेकेदार भांडतात तेव्हा दोघेही फाइल घेऊन येतात. गवंडी रिकाम्या हाताने येतो, कारण हजेरीची वही मुकादमापाशी.

बोरघाटात जानेवारी १८५९मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगल उसळली. एक युरोपियन मारला गेला, सरकारी चौकशी झाली. मार्चमध्ये फॅविएलने कंत्राट सोडले. पुढे ते सॉलोमन ट्रेडवेल यांना मिळाले. इंग्लंडहून आल्यावर थोड्याच दिवसांत ते वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी दोन इंजिनियर हाताशी धरून ते निभावले. परक्या मुलखात, नवऱ्यामागे! बाई खंबीरच म्हणायची. १८६३मध्ये घाट खुला झाला. कागद होता म्हणून ट्रेडवेल गेले तरी त्यांचा करार जगला. १८६१मध्ये घाटात ४० हजारांवर माणसे राबत होती. त्यातला कुणी पटकीने गेला, तर त्याची थकलेली मजुरी त्याच्या बायकोने कुठल्या कागदावर मागायची?

अशा तंट्यांपायी १८६०मध्ये कायदा आला. रेल्वे, कालवे अशा कामांवरच्या मजुरीच्या तक्रारी मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढायच्या. मजुराला दाद मागायला दार मिळाले, हे खरे. पण त्याच कायद्यात दुसरे कलम होते : कबूल केलेले काम मजुराने अर्धवट टाकले, तर त्याला तुरुंग.

अर्धा घाट टाकून गेलेल्या फॅविएलला पुढे सिलोनमध्ये कोलंबो-कँडी रेल्वेचे कंत्राट मिळाले.