दख्खनी बागेतील पाणी आणि शोभा : जैनथच्या अंगणासाठी एक मागोवा

प्रस्तावना

घराभोवती बाग करताना रोपे निवडणे सोपे जाते; शोभेच्या वस्तू निवडताना मात्र मन अडते. कारंजे बसवावे की दगडी कुंडी ठेवावी, ओटा बांधावा की सिमेंटचे हरिण मांडावे, असे प्रश्न उभे राहतात. काळ्या पाषाणातील लक्ष्मीनारायण मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ १९५६ पर्यंत औरंगाबादप्रमाणेच हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधताना दख्खनी बागांचा इतिहास जैनथला परका ठरत नाही. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

शब्दांची साक्ष

मराठीत बागेशी निगडित अनेक शब्द फारसी-अरबीतून आले. ‘बाग’ फारसी आहे, तर ‘हौद’ आणि ‘फवारा’ मूळचे अरबी. ‘बागाईत’ हा शब्द तर विशेष बोलका आहे. ‘बाग’चे अनेकवचन ‘बागात’. त्यावरून मराठी शेतकऱ्याने ओलिताखालच्या जमिनीला ‘बागाईत’ म्हटले आणि पावसावरच्या जमिनीला ‘जिराईत’. म्हणजे बाग आणि पाणी यांचे नाते भाषेनेच मान्य केले आहे.

पाण्यामागून शोभा

१५२६ नंतर बाबराने आग्र्यात बागा केल्या. तेथे वाहते पाणी नव्हते, म्हणून त्याला आधी रहाट बसवावे लागले. दख्खनमध्येही हाच क्रम दिसतो. अहमदनगरच्या फराहबागेतील अष्टकोनी महाल (१५८३) विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी उभा आहे. तेथे पाणी शोभेचेही होते आणि गारव्याचेही.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), वसवले आणि नहरींची योजना केली. अंबरनंतरच्या काळातही अशा नहरी निघत राहिल्या. पाणचक्की हे त्याचे उत्तम उदाहरण. दूरच्या डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवरून हौदात सोडले जाते. ते पडताना पाहणे हा आनंद खराच. पण त्याच पाण्यावर जाते फिरत असे आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत, त्यामुळे उन्हाळ्यातही ते दालन थंड राहते. एका हौदाने किती कामे केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ऐपत आणि निवड

१६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झालेल्या बीबी का मकबऱ्याची बाग सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आहे. स्थापत्यकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांनी येथे संगमरवर मोजक्या ठिकाणी वापरला. भिंतींचा खालचा भाग आणि घुमट यांना तो लावला. उरलेल्या भागाला स्थानिक काळा दगड आणि त्यावर चुन्याचा नक्षीदार गिलावा. ताजमहालाशी तुलना करून या वास्तूला कमी लेखले जाते. परंतु जवळच्या सामग्रीतून शोभा साधण्याचा हा धडा घरगुती बागेसाठी ताजमहालापेक्षा अधिक उपयोगी आहे.

याची दुसरी बाजूही पाहावी लागते. नहरींची देखभाल सुटत गेली, तसे शहरातील अनेक हौद कोरडे पडले. नक्षी शाबूत राहिली, पण ज्या पाण्यासाठी ती कोरली गेली तेच उरले नाही. पाण्याची सोय न पाहता बसवलेल्या कारंज्याचीही उन्हाळ्यात हीच गत होते.

जैनथचे अंगण

मराठी अंगणाची रीतही यापेक्षा वेगळी नव्हती. तुळशीवृंदावनाला दिवा ठेवायला कोनाडा असतो. झाडाचा पार सावलीत बसण्यासाठी असतो. विहिरीजवळची दगडी डोणी जनावरांना पाणी पाजते, आणि तिच्यातून सांडलेल्या पाण्यावर केळ वाढते.

समारोप

जैनथच्या एखाद्या घरी बाग करायची असेल, तर इतिहासातून निवडीचा पुढील क्रम मिळतो. प्रथम पाणी कोठून येईल आणि सांडलेले कोठे जाईल हे ठरवावे. मग सावली व बसण्याची जागा पाहावी. शोभेची वस्तू त्यानंतर, आणि शक्यतो जवळच्या दगडाची किंवा कुंभाराने घडवलेल्या मातीची असावी. चिमण्यांना पाणी पिता येईल अशी उथळ दगडी कुंडी हौदाचे काम छोट्या प्रमाणात करते. महाविद्यालयीन शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशा जुन्या बागा दाखवताना कमानी व नक्षीबरोबर पाण्याची वाटही दाखवावी. या वास्तूंमागचा विचार तिच्यावरूनच उलगडतो.