मासा बुडतो काय?

मराठीत ‘बुडणे’ या क्रियापदाचा संसार मोठा आहे. दगड बुडतो, नाव बुडते, दिवस बुडतो, सावकाराचे पैसे बुडतात आणि माणूस बुडून मरतो. या गोतावळ्यात मासा मात्र कोठे नाही. ‘मासा बुडाला’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीची तळमळ संतकवींनी विरहासाठी इतक्या वेळा वापरली आहे, की पाणी हेच माशाचे जीवन याविषयी आपल्या मनात शंका उरत नाही; अमरकोशाने पाण्याच्या नावांत ‘जीवन’ हा शब्द देऊन ठेवल्यामुळे त्या प्रतिमेला श्लेषही आयताच मिळाला. तरीही मासा बुडून मरतो काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मासा श्वास घेतो काय, हा त्याच्या पोटातला प्रश्न तर सुमारे अडीच हजार वर्षांचा आहे. भाषेच्या अभ्यासकांनी त्याच्या इतिहासाकडे वळावे असे आम्हांस वाटते, कारण या इतिहासात शब्दाच्या व्याख्येने डोळ्यांना दिसणारे नाकारल्याचे प्रसंग आहेत.

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात अॅनाक्सागोरस आणि अपोलोनियाचा डायोजिनीस (रांजणात राहणारा डायोजिनीस तो वेगळा) या दोघांनीही सर्व प्राणी श्वास घेतात, मासेही त्यास अपवाद नाहीत, असे मत मांडले. डायोजिनीसचे म्हणणे असे, की मासा कल्ल्यांतून पाणी बाहेर टाकतो तेव्हा तोंडात पोकळी निर्माण होते आणि ती पोकळी भोवतालच्या पाण्यातील हवा ओढून घेते; पाण्यात हवा असतेच. मग मासा हवेत का मरतो? त्यावर त्याचे उत्तर होते की पाण्यात हवा बेताची मिळते, बाहेर ती अति होते. पोकळीची कल्पना आणि हे दुसरे उत्तर चुकीचे असले तरी पाण्यात हवा असते हे विधान बरोबर होते.

ही मते आपल्यापर्यंत पोहोचली ती त्यांचे खंडन करणाऱ्या अॅरिस्टॉटलमुळे. श्वसनावरील त्याच्या छोटेखानी ग्रंथात तो या दोघांना एकेक मुद्दा घेऊन फेटाळतो, आणि त्याचे मुद्दे आजही वाचनीय आहेत. फार हवेने मासा मरत असेल, तर जमिनीवरचे प्राणीही फार हवेने मरावयास हवेत. तसे होताना दिसत नाही. दुसरा मुद्दा प्रत्यक्ष प्रयोगाचा आहे. कासव किंवा बेडूक बळेच पाण्याखाली दाबून धरला तर त्याच्या श्वासाचे बुडबुडे वर येतात. माशाचे काहीही केले तरी बुडबुडे येत नाहीत. म्हणजे त्याच्यात बाहेरून घेतलेली हवा नाही; म्हणून तो श्वास घेत नाही. अनुमानाची साखळी कोठे तुटत नाही. मात्र ‘श्वास’ म्हणजे हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे, ही अट पहिल्या कडीतच बसवलेली आहे, आणि ती मान्य केल्यावर पुढचा निष्कर्ष टाळता येत नाही.

तेवढ्यावरून अॅरिस्टॉटलला आंधळा ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. श्वासाचे प्रयोजन शरीरातील उष्णता शमवणे हे आहे, असे तो मानत होता. फुप्फुस हे काम हवेने करते, कल्ले पाण्याने करतात. म्हणजे कल्ले आणि फुप्फुस एकाच कामाची दोन साधने आहेत हे त्याने ओळखले होते. काम कोणते, ते चुकले. शिवाय डॉल्फिनला कल्ले नाहीत, फुप्फुस आहे, आणि जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिला तर तो लवकरच गुदमरतो, ही नोंदही त्याचीच आहे. कोळ्यांशी बोलून, प्राणी चिरून पाहून लिहिणारा हा माणूस होता.

त्याच्या शब्दाचे वजन पुढे फार काळ टिकले. पहिल्या शतकात प्लिनीने मासे श्वास घेत नाहीत हे मत आपल्याला पटत नाही असे लिहिले, पण ते कुरकुरीच्या सुरात. प्रयोगाने उत्तर देण्यास सोळावे शतक उजाडावे लागले. माँपेलिए येथील गियोम राँदले या वैद्याने 1554 साली प्रसिद्ध केलेल्या मत्स्यग्रंथात एका साध्या भांड्याची हकीकत आहे: पाण्याने भरलेल्या भांड्यात मासे ठेवले तर ते जगतात, भांड्याचे तोंड झाकून हवा तोडली तर गुदमरतात. पाणी तेच, मासे तेच. फरक फक्त झाकणाचा. एवढ्या साध्या कृतीसाठी सुमारे एकोणीस शतके का लागावीत, याचे उत्तर आमच्या मते उपकरणांच्या अभावात शोधण्यात अर्थ नाही. भांडे आणि झाकण अथेन्समध्येही होते.

त्यानंतरची वाटचाल वेगाने सांगता येते. रॉबर्ट बॉइलच्या वायुपंपाने 1660 मध्ये पाण्यातून हवेचे बुडबुडे काढून दाखवले. जॉन मेयो याने 1674 मध्ये, हवेतील जीवनदायी अंश मासे कल्ल्यांवाटे पाण्यातून घेतात असे लिहिले, आणि हे ऑक्सिजनचा शोध लागण्यापूर्वी शंभर वर्षे. योहान बर्नुली याने 1690 मध्ये दाखवले की उकळून हवा घालवलेल्या पाण्यात मासे जगत नाहीत. शेवटी हंबोल्ट आणि प्रोव्हाँसाल यांनी 1809 साली माशांच्या श्वसनावर निबंध प्रसिद्ध केला. मासा पाण्यातला किती प्राणवायू घेतो, याचे त्यात मोजमाप होते. येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा, कारण तो आमच्या विद्यार्थ्यांमध्येही सर्रास आढळतो: पाण्याचे रासायनिक सूत्र ठाऊक असलेला माणूस सहज समजतो की मासा पाण्याचा रेणू फोडून ऑक्सिजन मिळवतो. तसे नाही. तो केवळ विरघळलेला प्राणवायू घेतो, आणि तो फार थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे 210 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक लिटर गोड्या पाण्यात सहा मिलिलिटरांच्या आसपास. म्हणून कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्यांत रक्त एका दिशेने आणि पाणी उलट दिशेने वाहते. त्यामुळे रक्ताला शेवटपर्यंत आपल्याहून अधिक प्राणवायू असलेले पाणी भेटत जाते. बाहेर काढल्यावर हेच पापुद्रे ओल्या पानांसारखे एकमेकांस चिकटतात आणि भरपूर हवेत मासा गुदमरतो. डायोजिनीसच्या ‘अति हवे’चे खरे उत्तर हे.

इथवर मासा गुदमरतो, पण बुडत नाही. बुडण्याचा पुरावा हिंदुस्थानच्या तळ्यांतून आला. तरंगंबाडी (त्या वेळचे डेन्मार्कच्या ताब्यातील ट्रँकेबार) येथील डाल्डॉर्फ या लेफ्टनंटाने नोव्हेंबर 1791 मध्ये तळ्याकाठच्या ताडाच्या सालीच्या फटीत, पाण्यापासून पाचेक फूट उंचीवर, एक मासा पकडला. ही हकीकत 1797 मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली आणि ‘झाडावर चढणारा मासा’ ही युरोपातील वादाची बाब झाली. बंगालीत ज्याला कोई म्हणतात तो हा मासा. झाडाच्या गमतीमागे खरा प्रश्न लपून गेला: हा पाण्याबाहेर इतका वेळ जगतो कसा?

मद्रासच्या लष्करी सेवेतील डॉक्टर आणि पुढे ‘फिशेस ऑफ इंडिया’ या ग्रंथाचा कर्ता झालेला फ्रान्सिस डे याने प्रश्न उलटा केला. पाण्याबाहेर किती वेळ जगतो हे पाहण्याऐवजी, पाण्यातच ठेवून त्याला वर येऊ दिले नाही तर काय होते, हे त्याने पाहिले. मरळीच्या कुळातील मासे पात्रात सोडून त्याने पृष्ठभागाच्या खाली जाळी आडवी बसवली. पाणी चांगले, कल्ले शाबूत, हवा चार बोटांवर; आणि मासे मेले. त्याची ही निरीक्षणे 1868 पासून प्रसिद्ध होऊ लागली. कोई, मरळ यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्या आवरणातून ते थेट हवेतला प्राणवायू घेतात. एकट्या कल्ल्यांवर त्यांचे भागत नाही. आफ्रिकेतील फुप्फुसमाशाचीही तीच गत. फुप्फुस आणि कल्ले एकाच देहात असलेला असा प्राणी 1830 च्या दशकात युरोपीय विद्वानांपुढे आला, तेव्हा त्याला मासा म्हणावे की उभयचर, यावर त्यांच्यात फूट पडली. पुन्हा शब्दाचाच तंटा. याच्या अगदी उलट टोकाला कुपा, म्हणजे टूना. त्याला कल्ल्यांवर पाणी खेळवण्यासाठी सतत पोहावे लागते. थांबला की गुदमरला.

अॅमस्टरडॅम येथे 2002 मध्ये जागतिक परिषदेत ‘बुडण्या’ची जी व्याख्या स्वीकारली गेली, तिच्यात द्रवात असल्यामुळे श्वसनास बाधा येणे एवढीच अट आहे. ती माणसांसाठी केलेली असली तरी जाळीखालची मरळ तिच्यात बिनतक्रार बसते. मरळ बुडते. रोहू बुडत नाही, गुदमरतो. मराठीत दोन्ही क्रियापदे आहेत. ती आपापल्या जागी वापरावीत, एवढाच आमचा आग्रह.

तो केवळ कोशातला नाही. पंचगंगेच्या बंधाऱ्यांत मळीमिश्रित आणि सांडपाणी मिसळलेले पाणी साचते, त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवणारे जिवाणू विरघळलेला प्राणवायू संपवतात, आणि हजारो मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून गोळा होतात. हवेला टेकलेल्या पाण्याच्या पातळ थरात थोडा प्राणवायू उरलेला असतो, तोच ते घेत असतात. दुसऱ्या दिवशी बातमीत ‘मृत माशांचा खच’ हे शब्द येतात. राँदलेच्या भांड्याला झाकण लागावे, तसा हा प्रकार. भांडे मात्र नदीएवढे. त्या पाण्यात जे थोडे मासे तग धरू शकतात ते बहुधा मरळ आणि मागूर, कारण त्यांना वर येऊन हवेचा घोट घेता येतो.