हळदीचं पाणी

परवा ताईकडे कपाट आवरायला बसलो आणि भाच्याची केमोची जुनी फाईल हाती लागली. ल्युकेमिया झाला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. औषधांची नावं आम्हाला स्तोत्रासारखी पाठ होती, अर्थ मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. पिवळ्याजर्द मेथोट्रेक्सेटला तर ताई 'हळदीचं पाणी' म्हणायची. आता निवांतपणे वाचत गेलो, तर या हळदीच्या पाण्याचा धागा चक्क मुंबईत निघाला!

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र ॲनिमिया व्हायचा. बऱ्याच खटपटीनंतर गुण आला तो मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या अर्काने. १९३१ साली बाईंनी ते छापलं. त्यात होतं फॉलिक ॲसिड, हे पुढे कळलं. नवी पेशी बनताना डीएनए तयार करायला ते लागतंच.

मग बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिडच्याच घराण्यातली औषधं देऊन पाहिली. आजार उलट भडकला. कर्करोगाच्या पेशींना आयता खुराक मिळाला होता. इथे मी वाचायचा थांबलो. त्या मुलांच्या आईबापांना काय सांगितलं असेल?

फार्बरनी मग उलटा विचार केला: खुराकच तोडला तर? आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा लेडर्ले कंपनीत होते. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिडची नक्कल बनवली, अमिनोप्टेरिन. पेशीतलं एन्झाइम फसून या नकलेलाच चिकटून बसतं आणि डीएनएचं काम ठप्प होतं. १९४८ च्या अहवालात १६ पैकी १० मुलांना उतार पडला. पण तात्पुरताच. मेथोट्रेक्सेट हे याच नकलेचं भावंड.

फाईलमधली आणखी दोन नावं वेगळ्या वाटेने जाणारी. सायक्लोफॉस्फमाइड डीएनएचे धागे एकमेकांना जखडून टाकतं (त्याचा पूर्वज युद्धातला मस्टर्ड गॅस!). व्हिन्क्रिस्टीन पेशीला दुभंगू देत नाही, आणि ते येतं आपल्या दारातल्या सदाफुलीतून. एकाच औषधाला पेशी चकवतात; म्हणून १९६० च्या दशकात अशी निरनिराळी औषधं एकत्र द्यायला लागले, आणि मुलं जगू लागली.

भाचा आता कॉलेजात आहे. फाईल रद्दीत टाकू का, असं ताईला विचारलं. ती नको म्हणाली आणि फाईल परत आत, साड्यांच्या खाली ठेवून दिली.