सुमार आणि सुमारे

चौथीतल्या भाच्याच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे शेरा होता : 'सुमार'. त्याने विचारलं, "मावशी, सुमार म्हणजे किती?" सगळे त्याला हसले. मला मात्र त्याने शब्दाचं मूळच गाठल्यासारखं वाटलं.

फारसी 'शुमार' म्हणजे मोजणी. जनगणनेला आपल्याकडे 'खानेसुमारी' म्हणत. 'खाना' म्हणजे घर, दवाखान्यात आणि कारखान्यात असतो तोच. म्हणजे घरागणिक मोजदाद. मोजदादीपलीकडचं ते बेसुमार. मग मोजणीच्याच शब्दातून 'सुमारे' निघाला, आणि त्यात अंदाज आला. 'सुमारे दोनशे माणसं' म्हणणारा दहापाच इकडेतिकडे होतील हे आधीच कबूल करतो. मला हा शब्द त्यासाठी फार प्रिय आहे. पण त्यावरची मात्रा काढून तो माणसाला लावला, की कबुली जाते आणि निकाल उरतो : सुमार बुद्धीचा, सुमार वकुबाचा.

'सरासरी'चंही असंच झालं. फारसीत 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपण दोन्ही टोकं सोडली आणि मधला एक आकडा तेवढा हातात धरला.

टोकं विसरला नाही म्हणून सावरलेला एक माणूस मला माहीत आहे. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 मध्ये, चाळिशीत, पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा झाल्याचं कळलं. वाचनालयात जाऊन त्यांनी त्या कर्करोगाबद्दलचं लिखाण काढलं. निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक : आठ महिने. सुमारे पंधरा मिनिटं ते सुन्न बसून राहिले. मग त्यांच्यातला अभ्यासक जागा झाला. मध्यक आठ महिने, म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आत जातात. पण उरलेले निम्मे? डावीकडे शून्याची भिंत आहे, तिच्याआड कुणाला जाता येत नाही. उजवीकडे मात्र आलेख शेपटीसारखा लांबत जातो. वय कमी, आजार लवकर सापडलेला, उपचार उत्तम. आपली जागा त्या शेपटीत असण्याची शक्यता बरीच आहे, असा हिशेब त्यांनी मांडला. 1985 मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला.

त्यानंतरही ते लिहीत, शिकवत राहिले. 2002 मध्ये वारले, ते दुसऱ्याच कर्करोगाने. त्या आठ महिन्यांना तोवर सुमारे वीस वर्षं झाली होती.